बाळंतविडा, अर्धा स्वेटर, कशिदा आणि तकली: एका आठवड्यात हे सारे कसे बसवावे?

नौपाड्याची सूनबाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि नोकरीनिमित्त रोज कोपरखैरण्यापर्यंत लोकलने व तिथून बसने महापे येथे जाते. क्रोशा आणि दोन सुयांवरचे विणकाम मला लहानपणापासून येते. त्यामुळे कसे विणावे हा माझा प्रश्न नाही. हाती घेतलेल्या इतक्या कामांना आठवड्यात जागा कशी द्यावी, एवढेच विचारायचे आहे. सध्याची परिस्थिती जरा सविस्तर सांगते, म्हणजे आपणा सर्वांना नेमका सल्ला देता येईल.

पहिले काम नणंदेच्या बाळंतविड्याचे. दुपटे पूर्ण झाले आहे, क्रोशाची टोपडी आणि पायमोजे राहिले आहेत. तिचे दिवस कार्तिकात भरतात, म्हणजे सगळ्या कामांत हे एकच असे आहे की ज्याची मुदत माझ्या हातात नाही. दुसरे काम नाशिकच्या भावासाठी घेतलेल्या स्वेटरचे. पाठ विणून झाली, पुढचा भाग काखेपर्यंत आला आणि तिथेच बरेच दिवस सुयांवर लटकून राहिला आहे. इथवर ठीक होते. पण श्रावणात मी घराजवळच्या एका वर्गात कर्नाटकी कशिदा शिकू लागले, आणि त्याच सुमारास बेलापूरच्या अर्बन हाटमधील प्रदर्शनातून सूत कातायची एक तकली आणि पेळूंचा, म्हणजे कातण्यासाठी पिंजून वळलेल्या कापसाच्या गुंडाळ्यांचा, पुडा घरी आला. भरीस भर म्हणजे रविवारी सकाळी मोडी वाचनाचा सराव चालतो, कारण आजेसासऱ्यांच्या पेटीतील जुने कागद घरात कोणी तरी वाचायलाच हवेत.

आठवड्याचे म्हणाल तर सोमवारी रात्री स्वेटर हाती घ्यायचा असे ठरलेले असते. जेवणे, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची तयारी आणि मुलाचा अभ्यास आटोपून बसेपर्यंत दहा वाजून जातात, आणि नक्षीची कितवी ओळ चालू होती हे शोधण्यातच उरलेला वेळ संपतो. मंगळवारी गाडीत बसायला मिळाले तर टोपड्याच्या दोन-चार फेऱ्या होतात. बुधवार कशिद्याच्या गृहपाठाचा. काळ्या इरकली कापडावर ट्यूबलाइटच्या उजेडात धागे मोजत गोपुराची नक्षी भरायची म्हणजे डोळ्यांची परीक्षाच असते. एक धागा इकडचा तिकडे झाला की गोपुराचा कळस कलतो आणि ओळ उसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तकलीला ठरलेला वार नाही, ती केव्हाही हातात येते आणि म्हणूनच सर्वांत जास्त वेळ खाते. शनिवारी दुपारी वर्ग, रविवारी सकाळी मोडी, आणि रविवारी संध्याकाळी सगळ्या पिशव्या उघडून कोणते काम कुठवर आले याचा हिशेब.

सासूबाई या सगळ्याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण एकही काम सोडावेसे वाटत नाही हेही खरे. तेव्हा एकेका कामाला एकेक वार नेमून तो काटेकोरपणे पाळावा, की बाळंतविडा पूर्ण होईपर्यंत बाकी सारे बांधून ठेवावे? आणि स्वेटर बांधून ठेवायचा झाला, तर या दमट हवेत लोकरीची व सुयांवरच्या टाक्यांची काळजी कशी घ्यावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाशीच्या काकू

सूनबाई, तुमची यादी वाचून घाबरून जाण्यासारखे मला काही दिसले नाही. माझ्या मते कामांची संख्या ही अडचण नाही, तुमची वारांची वाटणी ही अडचण आहे. बुधवार कशिद्याचा असे तुम्ही ठरवता, पण बुधवारी रात्री कशिद्याला लागणारा उजेडच घरात नसतो. सोमवार स्वेटरचा ठरवता, पण सोमवारी रात्री दहानंतर नक्षी ध्यानात ठेवण्याइतके डोके ताजे नसते. म्हणून काम वाराला बांधू नये, ते जागेला आणि उजेडाला बांधावे. प्रत्येक कामाला काय लागते ते एकदा पाहिले की कोणते कुठे बसते हे आपोआप दिसू लागते.

गाडीत फक्त न मोजता होणारे काम न्यावे. टोपडे आणि पायमोजे मुक्या खांबांच्या गोल फेऱ्यांत होत असतील तर याहून चांगले गाडीतले काम नाही, कारण कोपरखैरणे आले म्हणून अर्ध्या फेरीत थांबलात तरी क्रोशाच्या सुईवर एकच टाका असतो आणि तो एका सेफ्टी पिनेत अडकवला की काम संपले. फेरीच्या सुरुवातीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण ठेवावी. स्वेटरच्या लांब सुया मात्र ठाण्याच्या सकाळच्या गर्दीत मुळीच नेऊ नयेत. शेजारच्या बाईच्या कोपरात सुई टोचली की विणकामाविषयीचे तिचे मत कायमचे बदलते. सुती दोऱ्याचा गुंडा नाडीच्या छोट्या पिशवीत ठेवून दोरा नाडीच्या फटीतून बाहेर काढावा, म्हणजे गुंडा बाकाखाली पळत नाही.

कशिद्याला दिवसाचा उजेड द्यावा. शनिवारी वर्गाला निघण्यापूर्वीचा तास आणि रविवारी सकाळचा खिडकीजवळचा वेळ एवढाच त्याचा मानावा. रात्री ते काम बाहेर काढूच नये. काळ्या कापडावर भरताना मांडीवर एक पांढरा पंचा पसरावा, म्हणजे विणीतली भोके खालच्या पांढऱ्यामुळे स्पष्ट दिसतात. पूर्वी काळ्या चंद्रकळेवर असा कशिदा भरून नवरीला देत, आणि ते सारे काम दिवसाउजेडी, ओसरीवर होत असे. आणखी एक गोष्ट वर्गात सांगितली असेलच, तरी लिहिते. गवंती हा कशिद्यातला टाका मुळात धावदोराच आहे. एका दिशेने एक जागा भरत, एक सोडत जायचे आणि त्याच वाटेने परतताना सोडलेल्या जागा भरायच्या, म्हणजे कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखी दिसते. गाठ मारायची नसते, त्यामुळे कुठून निघून कुठे परतायचे हे आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखून घ्यावे लागते. ही आखणी रात्री करता येते. म्हणजे बुधवारी कागद आणि रविवारी कापड, असे केलेत की वार मोडला असे वाटणार नाही आणि उसवण्याची वेळही क्वचितच येईल. मुरगी, नेगी आणि मेंती या कशिद्यातल्या बाकीच्या टाक्यांपैकी मेंती ही फुलीच्या टाक्यासारखी असल्याने तिला एवढी आखणी लागत नाही.

आता स्वेटर. तो बांधून ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे, पण व्यवस्थित बांधावा. ओळ कधीही मध्ये सोडू नये, चालू ओळ पूर्ण करावी. मग सुया काढून सगळे टाके दाभणाने एका जाड सुती दोऱ्यावर घ्यावेत आणि दोऱ्याची टोके सैल बांधावीत, कारण सुयांवर फार काळ राहिलेल्या टाक्यांची ओळ ताणली जाते आणि पुढे विणल्यावर तिथे आडवी रेघ दिसते. सोबत एका कागदावर सुयांचा नंबर, नक्षीची शेवटची पूर्ण झालेली ओळ आणि काखेचे टाके कितीने घटवायचे ते लिहून कागद त्याच पिशवीत टाकावा. पुन्हा सुरुवात करताना वरची एक ओळ उसवून मग पुढे जावे, आणि त्याआधी १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते विणलेल्या पाठीवर मोजून घ्यावे. लोकर डबल निटिंगची, म्हणजे मध्यम जाडीची, असेल तर ४ मिलिमीटरच्या सुयांवर साधारण २२ टाके येतात. पण तुमचा हात पूर्वी सैल असेल आणि आता घट्ट झाला असेल, तर पुढचा भाग पाठीपेक्षा अरुंद होईल आणि भाऊ बिचारा काही बोलणार नाही.

नाशिकची थंडी मार्गशीर्ष-पौषात असते. बाळ कार्तिकात येते. यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

घणसोलीचा सूतकरी

ताई, काकूंचे बाकी सगळे पटले, पण त्यांनी तकलीला एकही ओळ दिली नाही म्हणून लिहितो आहे. तकली बांधून ठेवू नये, आणि निदान या ऋतूत तर मुळीच ठेवू नये.

आपल्या इथल्या ज्या दमट हवेला तुम्ही लोकरीसाठी घाबरता आहात, तीच कापसाला मानवते. कोरड्या हवेत कापसाचे तंतू ठिसूळ होतात, घर्षणाने त्यांत वीज साठते, ते एकमेकांपासून दूर पळतात आणि सूत पुन्हा पुन्हा तुटते. हवेत ओलावा असला की तंतू लवचीक राहतात आणि पीळ नीट बसतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली आणि पुढे गिरणगाव उभे राहिले, त्यामागे बंदर, रेल्वे, भांडवल अशी अनेक कारणे होती, पण सूतकताईला अनुकूल अशी समुद्रकाठची हवा हेही त्यांपैकी एक होते. तेव्हा भाद्रपद-आश्विनात तुमचे सूत कमी तुटेल आणि ऐन थंडीत जास्त तुटेल. शिकायला हाच काळ चांगला आहे.

तंत्राविषयी थोडे. लोकर कातण्याची चाती हवेत लटकवून फिरवता येते, कारण लोकरीचा तंतू लांब असतो. आपल्या कापसाचा तंतू बहुधा २५ ते ३० मिलिमीटरचा, त्यामुळे नवख्या हाताने काढलेले बारीक सूत लटकत्या चातीचे वजन पेलत नाही. म्हणून तकलीचे टोक वाटीत किंवा नारळाच्या करवंटीत टेकवूनच फिरवावे. आधी पीळ, मग ओढ. पेळू चिमटीत घट्ट धरला की पीळ त्याच्यात शिरतो, तो गाठीसारखा होतो आणि पुढे तंतू सुटतच नाहीत. चिमूट इतकी हलकी हवी की पेळूवर बोटांचा ठसा उमटू नये. सुरुवातीचे सूत जाड-बारीक होणारच. त्याचे दोन पदर उलट्या दिशेने पिळून एकत्र केले की ते बरेच सारखे दिसते आणि मजबूतही होते.

वेळेविषयी म्हणाल तर तकलीला वार नको आणि तासही नको. वाटी, तकली आणि दोन-तीन पेळू एका डब्यात घालून तो डबा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवावा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जेवढे सूत निघेल तेवढे काढावे आणि शेगडी बंद करताना डबाही बंद करावा. पेळू मात्र तेलाच्या वाफेपासून दूर ठेवावेत. एक आगाऊ सूचना करतो, राग नसावा: एक पेळू सासूबाईंच्या हाती देऊन पाहा. ज्यांनी इतकी वर्षे समईच्या आणि फुलवाती वळल्या आहेत त्यांच्या बोटांना कापूस ओढणे शिकवावे लागत नाही, आणि चिंध्यांचा विषय त्यानंतर निघतो का तेही कळेल.

उपवनचा पाऊसवेडा

या धाग्यावर मला कदाचित काकूंचा ओरडा बसेल, कारण मी काम कमी करण्याऐवजी एक वाढवायला सांगणार आहे. पण ते रोज एका ओळीचेच आहे.

थंड देशांतले विणकर रोजच्या तापमानाप्रमाणे रंग निवडून दिवसाला एक ओळ विणतात आणि वर्षाअखेरीस गोधडीएवढे पांघरूण तयार होते. ठाण्यात हा प्रकार फसतो, कारण आपले तापमान वर्षभर इतक्या थोड्या अंशांत फिरते की सगळे पांघरूण दोन-तीन रंगांत संपते. आपल्याकडे बदलतो तो पाऊस. म्हणून मी १ जून ते ३० सप्टेंबर अशा १२२ दिवसांची शाल विणतो, आणि रंग हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे ठरवतो. पाऊस नसलेल्या दिवसाला फिकट पिवळा, ०.१ ते २.४ मिलिमीटरपर्यंतच्या शिडकाव्याला मोतिया, १५.५ पर्यंतच्या हलक्या पावसाला पोपटी, ६४.४ पर्यंतच्या मध्यम पावसाला गडद हिरवा, ११५.५ पर्यंत निळा, २०४.४ पर्यंत जांभळा. आणि त्याच्या पुढे काळा. डबल निटिंगची लोकर आणि ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई घेऊन अर्ध्या खांबाची ओळ घातली तर ती जवळजवळ एक सेंटिमीटर उंच होते, म्हणजे चार महिन्यांत सव्वा मीटरच्या आत-बाहेर शाल होते. मुक्या खांबांनी ती निम्म्यावर येईल.

एक बारकावा सांभाळावा. खात्याचा दिवसाचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा पाऊस नोंदला गेला तो २७ तारखेच्या सकाळी, त्यामुळे त्या वर्षीची शाल कोणी विणायला घेतली तर काळी ओळ २७ जुलैला येईल. शेजाऱ्यांशी यावरून वाद होतात, पण नियम एकदा ठरवला की तोच पाळावा. आकडेही एकाच वेधशाळेचे घ्यावेत. मी सांताक्रूझचे घेतो.

वाशीच्या काकू

पाऊसवेडे, कल्पना सुरेख आहे, आणि पुढच्या ज्येष्ठात मी स्वतः सुरू करीन. पण सूनबाईंनी या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. सप्टेंबर संपत आला असताना जूनपासूनच्या ओळी मागे जाऊन विणायच्या म्हणजे रोजच्या एका ओळीची गंमत जाते आणि थकबाकी तेवढी उरते.

नौपाड्याची सूनबाई

काकू, दादा, सर्वांचे मनापासून आभार. बुधवारी कागद आणि रविवारी कापड ही वाटणी मला फार आवडली. तकलीचा डबा स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आहे, आणि सासूबाईंनी पेळू हातात घेऊन “हा कापूस वातींच्या कापसापेक्षा लांब धाग्याचा दिसतो” असे म्हटले आहे. पुढे काय होते ते पाहू.

दोन शंका राहिल्या. पहिली अशी की गाडीत क्रोशा, रात्री कागदावरची आखणी आणि मधूनमधून तकली असे झाल्यावर पहाटे उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. हात झटकला की बरे वाटते. काम बदलत राहिले तर हाताला विश्रांती मिळते अशी माझी समजूत होती. दुसरी शंका साठवणीची. तयार झालेले दुपटे आणि होतील तशी टोपडी एका पेटीत ठेवायची आहेत, आणि घरातल्या मोठ्यांच्या सांगण्यावरून त्यात डांबरगोळ्या टाकाव्यात असा विचार आहे. स्वेटरची लोकरही त्याच पेटीत ठेवली तर चालेल का?

सानपाड्याची फिजिओथेरपिस्ट

पहिल्या शंकेविषयी लिहिते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना मनगटातून जाणाऱ्या मीडियन नावाच्या चेतातंतूकडे असते. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून या चेतातंतूला आणि बोटे वाकवणाऱ्या नऊ स्नायुरज्जूंना एकत्रच वाट काढावी लागते. तिथे सूज आली की त्यावर दाब येतो. करंगळी सुटलेली असणे, रात्री किंवा पहाटे मुंग्या येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे ही कार्पल टनेलची नेहमीची लक्षणे आहेत. इथे वाचून निदान करता येत नाही, त्यामुळे हा त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी झाला नाही, किंवा कप, किल्ली अशा वस्तू हातातून निसटू लागल्या, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

काम बदलल्याने विश्रांती मिळते हे निम्मे खरे आहे. क्रोशा, कशिदा आणि तकली ही तीन वेगळी कामे असली तरी तिन्हींत अंगठा आणि तर्जनीची चिमूटच राबते. हाताच्या दृष्टीने ते एकच काम तीन नावांनी चालू राहते. बोरूने मोडी लिहिणे हेही त्यातलेच, तेव्हा सध्या मोडी वाचावी, लिहू नये. त्या मानाने दोन सुयांवरच्या विणकामात भार दोन्ही हातांवर वाटला जातो, म्हणून स्वेटर पूर्णपणे बंद करण्यापेक्षा त्याचा एखादा साधा, बिननक्षीचा भाग, उदाहरणार्थ बाहीची सुरुवात, घरी टीव्हीसमोर चालू ठेवावी असे मी सुचवेन. काकूंच्या मताविरुद्ध जाते आहे, पण हात तुमचा आहे.

गाडीत क्रोशा करताना मनगट आत वळलेले राहते, कारण पिशवी मांडीवर असते आणि कोपरे गर्दीमुळे अंगाला चिकटलेली असतात. पिशवी छातीच्या थोडी खाली उचलून धरली तर मनगट सरळ होते. बारीक पोलादी सुईला मुठीच्या जागी कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. बारीक वस्तू धरायला बोटांना जास्त जोर लावावा लागतो. ठाणे ते कोपरखैरणे एवढा वेळ सलग चालेल, पण घरी वीस-पंचवीस मिनिटांनंतर हात मोकळा सोडून उठावे.

कळव्याची परिचारिका

मी नवजात बालकांच्या विभागात काम करते, म्हणून डांबरगोळ्यांविषयी तातडीने लिहिते आहे. बाळाच्या कोणत्याही कपड्यात, दुपट्यात किंवा पांघरुणात डांबरगोळी ठेवू नये. त्यातील नॅफ्थलीन कापडात मुरते आणि श्वासावाटे व त्वचेवाटे बाळाच्या शरीरात जाते. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते. मुलग्यांमध्ये ती जास्त आढळते आणि घरच्यांना बहुतेक वेळा तिची कल्पनाही नसते. अशा बाळाचा नॅफ्थलीनशी संपर्क आला तर तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि नवजात बाळात ती मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो. कपडे उन्हात टाकून वास गेला म्हणजे काम झाले, असेही समजू नये.

मुळात तुम्हाला त्या गोळ्यांची गरजच नाही. कसर लोकरीला आणि रेशमाला लागते, कारण तिच्या अळ्या प्राणिज तंतू खातात. सुती दुपट्याला आणि टोपड्याला ती लागत नाही. सुती कपड्यांचा पावसाळ्यातला शत्रू म्हणजे बुरशी. त्यासाठी कपडे खळ न घालता धुऊन, पूर्ण वाळवून, धुतलेल्या मलमलच्या कापडात बांधून ठेवावेत आणि ऊन पडेल तेव्हा पेटी उघडावी. स्वेटरची लोकर वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात ठेवावी. सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा लवंगांची पुरचुंडी चालेल, पण खरा उपाय म्हणजे लोकर स्वच्छ आणि कोरडी ठेवणे व मधूनमधून झटकणे. लोकर ॲक्रिलिकची असेल तर कसरीची चिंता नाही. तिला गरम इस्त्री मात्र लावू नये, नाही तर विणीतला लवचीकपणा कायमचा जातो.

पायमोज्यांविषयीही एक सांगते. तळव्याची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर पुरे, आणि आतल्या बाजूला दोऱ्याचे एकही टोक सुटे ठेवू नये. सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजते आणि मोजा घातलेला असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. टोके दाभणाने विणीत दोन्ही दिशांना ओवावीत आणि मग मोजा उलटा करून बोटाने चाचपून पाहावा.

नौपाड्याची सूनबाई

डांबरगोळ्यांचा पुडा पेटीपासून दूर गेला आहे. सासूबाईंना तुमचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले, त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितले आणि नंतर नणंदेला स्वतः फोन केला.

आता आठवड्याची मांडणी अशी केली आहे. गाडीत टोपडी आणि मोजे. रात्री एक दिवस कशिद्याची आखणी आणि एक दिवस स्वेटरची साधी बाही. नक्षीचा पुढचा भाग दोऱ्यावर घेऊन चिठ्ठीसकट बांधून ठेवला आहे. कशिदा शनिवार-रविवारच्या उजेडात. तकली शिट्ट्यांपुरती, तीही आता दोघींत वाटून. मोडीचे फक्त वाचन. इतर दिवशी रात्री काही करायचे नाही.

शेवटचे एक विचारते. टोपड्याला दोन्ही बाजूंनी नाड्या लावाव्यात आणि सोबत कुंचीही करावी असा घरात आग्रह आहे. नाड्या किती लांब ठेवाव्यात?

कळव्याची परिचारिका

टोपड्याला नाड्या लावूच नयेत असे मी सांगेन, कारण हनुवटीखाली बांधलेली नाडी सरकून गळ्याशी आवळली जाऊ शकते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. टोपड्याचा घेर त्याहून दोन सेंटिमीटर कमी ठेवला आणि कडेला तीनएक सेंटिमीटरची ताणली जाणारी पट्टी घातली, तर ते नाडीशिवाय बसते. क्रोशात अशी पट्टी करायची तर मुके खांब मागच्या पाकळीतून घालत आडवी पट्टी विणावी आणि ती कडेला जोडावी. दोन सुया येतातच, तर एक सुलट एक उलट टाक्यांची पट्टी त्याहून मऊ होईल. कुंची बारशाच्या दिवशी फोटोपुरती अवश्य घालावी, झोपवताना काढावी. तिची नाडी पुढे बांधण्याऐवजी आत शिवून टाकली आणि बंदासाठी कापडाची छोटी चपटी पट्टी टिचबटणाने लावली, तर दिसायला फरक पडत नाही.